नंबर तोच राहू द्या: दूरसंचार नियामकांना नाशिकहून एक खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, नवी दिल्ली

प्रत: दूरसंचार विभाग आणि भारतीय रिझर्व्ह बँक

स.न.वि.वि.

मी नाशिकची. पिंपळगाव बसवंतजवळच्या एका पॅकहाउसमधून द्राक्षं युरोपात जातात. त्यांचे कागद सांभाळायचे आणि माल पोचतो तिथं जाऊन कंटेनर उघडताना उभं राहायचं, हे माझं काम. फेब्रुवारीत बर्लिनला फ्रूट लॉजिस्टिका नावाचं फळांचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथून माझी फेरी सुरू होते. बर्लिननंतर रॉटरडॅम, मग लंडन आणि परतताना दुबई. पाच-सहा आठवड्यांत चार देश. त्यांचे कोड 49, 31, 44 आणि 971. माझा नंबर मात्र एकच, 91 चा.

हा नंबर पॅकहाउसच्या फाटकावर ऑइलपेंटनं लिहिलेला आहे. निफाड, दिंडोरी, चांदवडच्या कितीतरी बागाईतदारांच्या फोनमध्ये तो 'द्राक्षवाल्या ताई' या नावानं आहे. माल कुठं आहे, कंटेनर उघडला का, मणी गळाले का, हे विचारायला त्यांना दुसरा नंबर माहीत नाही. आणि पंचवटीत राहणाऱ्या माझ्या आईला तो तोंडपाठ आहे. आमच्या जुन्या लँडलाइनचे 0253 नंतरचे आकडे ती विसरली, पण हा विसरली नाही. तिच्याकडे बटणांचा साधा फोन आहे. व्हॉट्सॲप तिला नको आहे, आणि बहात्तराव्या वर्षी तिला ते शिकवत बसायची माझी इच्छाही नाही.

गेल्या हंगामात जे घडलं ते आधी सांगते, म्हणजे मागणी कशासाठी आहे ते कळेल.

रॉटरडॅमच्या दक्षिणेला बारेंड्रेख्त नावाचं गाव आहे. फळं-भाज्यांची गोदामं तिथं एकाला लागून एक. आमचा एक रीफर, म्हणजे थंड कंटेनर, तिथं उघडला. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागल्यापासून वाटेतले दिवस वाढलेत, त्यामुळे दार उघडेपर्यंत काळजात धडधड असतेच. काही पेट्यांत मण्यांना तडे होते, पाणी सुटलं होतं. खरेदीदारानं लगेच क्लेमची, म्हणजे नुकसानभरपाईची, भाषा सुरू केली. अशा वेळी तटस्थ सर्वेक्षकाला बोलावायचं असतं, आणि तेही तासाभरात, कारण माल उघडा पडला की पुढचं नुकसान कुणाचं यावर वाद होतो. सर्वेक्षण करणाऱ्यांचं कार्यालय मुंबईतही आहे. पैसे तिथल्या खात्यात नेट बँकिंगनं भरायचे होते आणि आमच्या खात्यावर मंजुरीचा अधिकार माझाच. तिथं संध्याकाळचे साडेपाच वाजले होते, नाशकात रात्रीचे दहा.

ओटीपी 91 च्या नंबरवर जाणार. माझ्या फोनमध्ये मात्र डच सिम होतं. भारतातलं सिम पासपोर्टच्या कव्हरात, चिकटपट्टीखाली. शून्य अंशाच्या कोल्ड स्टोअरच्या दारात हातमोजे काढले, बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढली (आपल्याकडच्या बाईजवळ सिमची पिन नसली तरी सेफ्टी पिन असतेच), ट्रे बाहेर ओढला आणि बधिर बोटांतून सिम सुटून लाकडी पॅलेटच्या दोन फळ्यांमध्ये पडलं. गोदामातल्या एका पोलिश मुलानं टॉर्च धरला, मी चिमट्यानं ते काढलं. तोवर पहिल्या ओटीपीची मुदत संपली. सिम घातलं तर फोनला नेटवर्क पकडायला वेळ लागला, दुसरा ओटीपीही गेला. तिसऱ्या खेपेला बँकेनं सुरक्षेसाठी त्या दिवसापुरतं नेट बँकिंग बंद केलं. सर्वेक्षक दुसऱ्या दिवशी आला, आणि तो क्लेम आम्ही अर्धा भोगला.

त्याच रात्री आईनं फोन केला होता. तिला ऐकू आलं, 'आपण संपर्क करत असलेली व्यक्ती कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे.' तिनं सगळ्या देवांना नवस बोलून घेतले, आणि सकाळी भावाकडून माझा डच नंबर मिळवून पहिला प्रश्न विचारला: "तुझा नंबर गेला का गं?"

माझ्याकडून चूक झाली, हे मान्य. दोन सिमचा फोन असता, एका खाचेत भारतातलं सिम आणि दुसरीकडे तिथलं ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच भरलेलं सिम, असतं, तर पिन काढायची वेळच आली नसती. आता मी तेच करते. भारतातल्या सिमचा डेटा बंद, फक्त एसएमएस आणि कॉलसाठी ते जागं. नकाशे, मेल, बाकी सगळं तिथल्या ई-सिमवर. माझा भाचा म्हणतो, मावशी, हे तू पाच वर्षांपूर्वीच करायला हवं होतंस. खरं आहे. पण भाच्याला विचारल्याशिवाय हे कळत नाही, इथंच माझी तक्रार सुरू होते.

जायच्या आधी मी एम.जी. रोडवर गेले होते. नाशिककरांना ठाऊक आहे, मोबाइलचं काहीही असो, माणूस तिकडेच वळतो. तीन दुकानांत एकच प्रश्न विचारला: "मला परदेशात डेटा नको, कॉल करायचे नाहीत. फक्त ओटीपीचा एसएमएस आला पाहिजे. त्यासाठी काय करू?" पहिला म्हणाला, रोमिंगचा पॅक घ्यावाच लागेल, नाहीतर सिम तिकडे जाऊन मरतं. दुसरा म्हणाला, काही लागत नाही, येणारा एसएमएस फुकट असतो. तिसऱ्यानं ॲपमध्ये इंटरनॅशनल रोमिंगचं बटण शोधलं, ते सापडेना, मग कस्टमर केअरला फोन लावला, तिथं बारा मिनिटं गाणं ऐकलं आणि शेवटी म्हणाला, "ताई, तुम्ही पॅक घेऊनच टाका, कटकट नको." तिघंही खोटं बोलत नव्हते. कंपनीगणिक, प्लॅनगणिक, प्रीपेड-पोस्टपेडगणिक उत्तर बदलतं. कळीचा मुद्दा हा की एक एसएमएस घेण्याच्या हक्काचं उत्तर दुकानदाराच्या स्वभावावर अवलंबून आहे.

वास्तविक यंत्रणा काय करते ते इतकं अवघड नाही. ते मला समजलं ते रामकुंडावर लहानपणी पाहिलेल्या एका गोष्टीमुळे. आमच्याकडे तीर्थोपाध्यायांच्या वह्या असतात. परगावचा कुणी यात्रेकरू आला की गुरुजी विचारतात, गाव कोणतं, आडनाव काय. त्यावरून त्याचं घराणं ज्यांच्याकडे आहे त्या उपाध्यायांकडे त्याला पाठवतात, आणि तिथं वहीत पणजोबांची सही निघते. सिमचंही तसंच आहे. सिममध्ये आपल्या दहा आकडी नंबरापेक्षा वेगळा, जास्तीत जास्त पंधरा आकड्यांचा एक ओळख क्रमांक असतो. त्याचे पहिले तीन आकडे देशाचे. भारतासाठी 404 किंवा 405. बारेंड्रेख्तच्या टॉवरनं ते आकडे पाहिले की त्याला कळतं, ही बाई आमची नाही, भारतातल्या अमुक कंपनीची. तो भारतातल्या त्या कंपनीच्या वहीला, म्हणजे ग्राहकांच्या नोंदींना, विचारतो: ओळखता का? आपली कंपनी वहीत बघते, हो म्हणते, आणि वहीत नोंद करते की ही सध्या हॉलंडात आहे. मग आई पंचवटीतून फोन लावते तेव्हा तिचा कॉल आधी भारतातल्या वहीकडे जातो, तिथून पत्ता कळतो, हॉलंडचं नेटवर्क त्या कॉलपुरता एक तात्पुरता नंबर देतं आणि कॉल पुढे ढकलला जातो. आईला स्थानिक कॉल पडतो, पुढच्या परदेशी टप्प्याचे पैसे माझ्यावर. हा हिशेब मला पूर्ण पटतो. ती काही मला हॉलंडात फोन करायला निघाली नव्हती.

म्हणजे एकच नंबर अनेक देशांत चालवण्याची किल्ली जगाकडे केव्हाचीच आहे. अडतं ते भाव आणि नियम यांच्यापाशी.

जगभर चालणारा वेगळाच नंबर काढू, असाही विचार झाला होता, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेनं वैयक्तिक जागतिक क्रमांकासाठी 878 हा कोड राखून ठेवला. युरोपनं सगळ्या खंडासाठी 388 मागून घेतला. 388 पुढे परत गेला, आणि 878 चा नंबर कुणी कार्डावर छापलेला मी इतक्या प्रदर्शनांत कधी पाहिला नाही. असा कोड लावला तर तो कुठं वळवायचा आणि बिल कुणी कुणाला पाठवायचं, हे हरेक देशातल्या हरेक कंपनीनं ठरवायला हवं. ते कोण करणार? लोकांना नवा नंबर नको असतो, जुनाच चालायला हवा असतो.

युरोपनं शेवटी तोच रस्ता धरला, आणि तो रस्ता एका दिवसात झालेला नाही. 2007 मध्ये त्यांनी आधी कमाल दर बांधले: रोमिंगमध्ये केलेल्या कॉलला मिनिटाला 49 सेंट, आलेल्या कॉलला 24. मग दर वर्षा-दोन वर्षांनी ते खाली आणत 15 जून 2017 ला युरोपीय संघात रोमिंगचा वेगळा भाव बंद केला. आता तो नियम 2032 पर्यंत वाढवलाय. आमची द्राक्षं बारेंड्रेख्तहून घेऊन जाणारा डच ट्रकवाला बेल्जियम, फ्रान्स, स्पेन ओलांडून जातो. त्याची बायको त्याच नंबरवर त्याला शिव्या घालते आणि बिल घरच्यासारखंच येतं. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमध्ये तेच बंधन राहिलं नाही, काही कंपन्यांनी रोजचा भाव पुन्हा लावला. कंपन्या आपणहून किती उदार असतात, हे त्यावरून कळतं.

भारतानं मागे राहण्याचं काही कारण नाही, कारण देशांतर्गत हाच प्रवास आपण केलाय. सापुताऱ्याचा घाट चढून गुजरातच्या हद्दीत गेलं की फोनवर संदेश यायचा, 'आपण रोमिंगमध्ये आहात', आणि गाडीत बसलेला प्रत्येक जण आपापला फोन खिशात टाकायचा. मुंबई तर आमच्यासाठी वेगळंच सर्कल, म्हणजे फोनच्या हिशेबात वेगळा प्रांत. कांद्याचा ट्रक घेऊन वाशीला जाणारा लासलगावचा माणूस घरून आलेला कॉल मोजून उचलायचा. 2012 च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणात 'एक देश, मोफत रोमिंग' हे ध्येय लिहिलं गेलं. 1 मे 2015 पासून आपणच येणाऱ्या रोमिंग कॉलची कमाल मर्यादा मिनिटाला 75 पैशांवरून 45 पैशांवर आणलीत. पुढे स्पर्धेनं प्रत्यक्ष भाव शून्यावर गेला. आज पंचविशीतल्या पोराला देशातलं रोमिंग काय असतं ते समजावून सांगावं लागतं.

आणि नंबर तोच ठेवायचा हक्क तर आपणच दिलात. नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय 25 नोव्हेंबर 2010 ला हरियाणात सुरू झाली, 20 जानेवारी 2011 ला देशभर आली. त्याच वर्षी मी 1900 या क्रमांकावर 'पोर्ट' असा एसएमएस पाठवला, कंपनी बदलली आणि नंबर राहिला. 3 जुलै 2015 पासून राज्य बदललं तरी तोच नंबर ठेवता येऊ लागला. क्रमांक ही राष्ट्रीय साधनसंपत्ती आहे, ग्राहकाची मालमत्ता नाही, हे मला माहीत आहे. पण त्या आकड्यांना माणसाचं आयुष्य चिकटतं, हे मान्य करूनच आपण ती सोय केली होती. मग नाशिकहून बंगळुरूला जाणाऱ्याचा नंबर सांभाळणारा नियम नाशिकहून रॉटरडॅमला जाणाऱ्याच्या वाऱ्याला का उभा राहत नाही?

आंतरराष्ट्रीय रोमिंगचे दर आपण कंपन्यांवर सोडलेत. 2020 मध्ये आपणच यावर सल्लामसलत पत्रिका काढली होती. बिलाचा धक्का, पॅकविना रोमिंग, ग्राहकाला वेळेत न मिळणारी सूचना, सगळं त्यात होतं. माझी मागणी त्यापेक्षा खूपच लहान आहे. फुकट रोमिंग मला नको. परदेशी कंपनीला पैसे द्यावे लागतात, ते मी द्यायला हवेत. मला हवं आहे ते नंबर जिवंत ठेवण्याचं, आणि त्यावर एसएमएस घेण्याचं, एक सरळ साधन. त्याचं नाव काहीही ठेवा. डेटा नाही, जाणारा कॉल नाही. येणारा एसएमएस यावा, आलेला कॉल उचलला तर मिनिटाला किती लागतील ते आधी कळावं, आणि वर्षभराची मुदत असावी.

वर्षभराची मुदत का म्हणते? 2024 च्या डिसेंबरात आपण दुरुस्ती केलीत, फक्त बोलणं आणि एसएमएसचं रिचार्ज व्हाउचर काढायला कंपन्यांना सांगितलंत, आणि विशेष व्हाउचरची कमाल मुदत 90 दिवसांवरून 365 दिवसांवर नेलीत. ज्यांच्याकडे साधा फोन आहे, त्यांची आपण दखल घेतलीत. आईच्या वतीनं आभार. तीच चाल पुढे नेऊन त्या व्हाउचरमध्ये परदेशातल्या एसएमएसची ओळ घाला, एवढंच.

आमच्या सोसायटीतले काका-काकू मुलीकडे न्यू जर्सीला गेले. अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसावर साधारण सहा महिने राहता येतं. काकांचं प्रीपेड सिम घरच्या कपाटात, औषधांच्या डब्यात. प्रीपेड नंबर वापरला नाही तर तो बंद करण्यासाठी किमान 90 दिवस थांबावं लागतं, खात्यात 20 रुपये असले तर त्यातून महिना-महिना मुदत वाढते, हा आपलाच नियम. काकांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. आणि बंद झालेला नंबर 90 दिवस दुसऱ्याला देत नाहीत, असं आपण 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलंत. 90 आणि 90 मिळून 180. सहा महिन्यांनी काका ओझरला उतरले तेव्हा त्यांच्या नंबरवर हिंदी बोलणारा एक मुलगा होता. बिचारा सभ्य होता. म्हणाला, "अंकल, आपके पेंशन के मैसेज रोज आते हैं." काकांना बँकेत, पेन्शन कार्यालयात, गॅसच्या एजन्सीत नंबर बदलत फिरायला दोन महिने लागले. आधारमध्ये नंबर बदलायला तेव्हा ओटीपी चालत नव्हता, बोटं घेऊन केंद्रावर जावं लागायचं. काकांच्या बोटांचे ठसे उमटेनात, तो भाग वेगळाच.

आता हे सगळं तातडीचं का झालंय? 28 नोव्हेंबर 2025 रोजी दूरसंचार विभागानं संदेश पाठवणाऱ्या ॲपना निर्देश दिला की ज्या नंबरवर खातं आहे त्याचं सिम त्याच फोनमध्ये असलं पाहिजे, आणि संगणकावरची जोडणी सहा तासांनी तोडली पाहिजे. हेतू मला पटतो. परदेशात बसून भारतीय नंबरानं इथल्या म्हाताऱ्यांना 'डिजिटल अटक' करणाऱ्यांचा बंदोबस्त व्हायलाच हवा. पण आजवर प्रवाशांचा देशी उपाय काय होता? सिम घरी, नंबर ॲपवर. बागाईतदार मला ॲपवर फोटो पाठवायचे, मी उत्तर द्यायचे, सिम कुठं आहे हे कुणाला विचारायचं कारणच नव्हतं. सिम फोनमध्ये हवंच असं एका हातानं म्हणायचं असेल, तर ते सिम परदेशात स्वस्तात जागं ठेवायची सोय दुसऱ्या हातानं द्यायला हवी. आणि ॲप आहे म्हणून कॉलची गरज नाही, असं कुणी म्हणणार असेल तर त्यानं एकदा दुबईला उतरून बघावं. अमिरातीत व्हॉट्सॲपवरून बोलता येत नाही. तिथं आईशी बोलायला नंबरच लागतो.

दुसरी मागणी थोडी मोठी आहे. माझ्या एका सहकाऱ्याचा फोन ब्रसेल्सच्या स्टेशनवर चोरीला गेला. सिम बंद करणं जमलं, दुसऱ्याच्या फोनवरून. पण नवं सिम घ्यायचं तर ज्याच्या नावावर आहे त्यानं स्वतः दुकानात यावं, फोटो काढावा, आधार दाखवावं. भाऊ गेला, बायको गेली, चालेना. ते बरोबरच आहे; भावाच्या हाती सहज सिम मिळालं तर चोराच्याही हाती मिळेल. पण मग बावीस दिवस त्या माणसाचा नंबर नाही म्हणजे बँक नाही, ईमेलची दुसरी चावी नाही, विमान कंपनीच्या ॲपमध्ये शिरता येत नाही. त्याच्याकडे पासपोर्ट होता. जगातली प्रत्येक सीमा त्या निळ्या पुस्तकावर विश्वास ठेवते, भारतातलं सिमचं दुकान मात्र ठेवत नाही! दूतावासात किंवा व्हिडिओवर, पासपोर्टच्या आधारे ओळख पटवून ई-सिम द्यायची सोय करा. सिम देण्याचे नियम दूरसंचार विभागाचे आहेत, म्हणून त्यांना प्रत. त्यात हवी तेवढी सावधगिरी बाळगा. सिम बदलल्यावर 24 तास एसएमएस बंद ठेवतात, तो नियम मला आवडतो. परदेशात 24 ऐवजी 48 तास करा, माझी हरकत नाही. दोन दिवस आणि बावीस दिवस यांत फरक आहे.

रिझर्व्ह बँकेसाठीही दोन शब्द, कारण निम्मा दोष ओटीपीच्या सवयीचा आहे. 25 सप्टेंबर 2025 च्या निर्देशांत, जे 1 एप्रिल 2026 पासून लागू झाले, आपण बँकांना सांगितलंत की दुसरी खातरजमा एसएमएसनंच व्हावी असं नाही, दुसरे मार्गही चालतील. उत्तम. पण 'चालतील' या शब्दावर बँका किती वर्षं काढतात हे आम्ही पाहिलंय. माझ्या बँकेच्या व्यवस्थापकांनी मला शांतपणे सांगितलं, "मॅडम, ॲपमध्ये ती सोय आहे, पण ती सुरू करायला ओटीपी लागतो." त्यांना हसू आलं नाही, मला आलं. अनिवासी भारतीयांसाठी तर 2023 पासून काही देशांचे नंबर यूपीआयला जोडता येतात. सुरुवातीला दहा देश होते, त्यांत ब्रिटन आणि अमिरात आहेत. पण ते परदेशात राहणाऱ्यांच्या खास खात्यांना. सहा आठवड्यांसाठी जाणाऱ्या माझ्यासारखीला त्याचा उपयोग नाही. मी अनिवासी नाही आणि व्हायचंही नाही. मला फक्त बाहेर असताना निवासी राहू द्या.

एक लहानशी गोष्ट, रागावून सांगते. परदेशात असताना येणारा प्रत्येक कॉल उचलला की माझे पैसे जातात. सकाळी सहाला, म्हणजे आपल्याकडच्या साडेदहाला, रॉटरडॅममध्ये फोन वाजतो. आई असेल म्हणून धडपडून उचलते, तर पर्सनल लोन हवं का! रोमिंगमध्ये असलेल्या नंबरावर जाहिरातीचा कॉल पोचूच नये, अशी नोंद त्या वहीत करता येत नाही का? वहीला तर माहीत असतं की मी कुठं आहे.

आणि उलटी बाजूही जवळ येतेय. 2027 मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ आहे. जगभरातून लोक येतील, त्यांच्या खिशात त्यांचे नंबर असतील. आमचा डच खरेदीदार गेल्या वर्षी बागा बघायला आला होता. त्याचा 31 चा नंबर ओझरपासून मोहाडीपर्यंत नीट वाजत होता. पण गंगापूर रोडवरच्या एका कॅफेत वायफायला नंबर विचारला, त्यानं टाकला, तर खोक्यात दहाच आकडे आणि पुढे 91 आधीच छापलेलं. शेवटी माझा नंबर दिला. ओटीपी माझ्याकडे आला, त्याला वायफाय मिळालं. तो हसत म्हणाला, तुझा नंबर माझ्या पासपोर्टपेक्षा भारी आहे. मी म्हटलं, इथं असेपर्यंत.

येत्या फेब्रुवारीत मी पुन्हा निघतेय. बागेत छाटणी झालीय, पहिला कंटेनर जानेवारीत भरेल. माझ्या त्या प्रश्नाचं उत्तर, परदेशात नुसता एसएमएस घ्यायला काय करावं, आपल्याकडून एका ओळीत आणि सगळ्या कंपन्यांसाठी सारखं आलं, तर मी ते छापून एम.जी. रोडवरच्या त्या तिन्ही दुकानांत स्वतः नेऊन चिकटवीन.

आपली,
द्राक्षवाली एक नाशिककर